टकरीच्या एडक्याचे फोटो

माझ्या पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर मी काढलेले फोटो आहेत. पाटोद्याच्या एका स्टुडिओतून मोठे करून आणले आणि फ्रेमच्या भानगडीत न पडता सरळ भिंतीला चिकटवले. पाहुणा आला की पाणी पिता पिता त्याची नजर तिकडं जाते. "काय रंग आलेत हो, बाई!" म्हणतो. रंग आलेतच. भंडाऱ्याचा पिवळा, गुलालाचा गुलाबी, भावजयीच्या साडीचा पोपटी. मग पाहुणा उठून जवळ जातो, बोट ठेवून विचारतो, "हे कोण?" भावजय घरात असली तर आतून सांगते, "त्ये विचारू नका, जेवायला बसा." ती नसली की मी सांगते.

मी अंगणवाडी सेविका आहे. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हापासून माहेरीच, भावाच्या घराला लागून असलेल्या खोल्यांत राहते. फोटोचा नाद मला नोकरीनंच लावला. लेकरांनी खिचडी खाल्ली याचा पुरावा म्हणून मोबाईलवर फोटो काढून वर पाठवावा लागतो. सुरुवातीला माझ्या फोटोत कुणाचं डोकं कापलेलं असायचं, कुणाचा नुसता हात यायचा. एकदा निळी प्लास्टिकची ताटली, तिच्यात पिवळी खिचडी, मागं लाल झबल्यातली पोरगी आणि खिडकीतून आलेलं ऊन असं सगळं एकदम जमून आलं. तो फोटो पाठवून झाल्यावरही मला पुसवेना. मग रंगीत दिसेल ते टिपायची सवय लागली. आमचा भाग वर्षातला बराच काळ मातकट असतो. माळ मातकट, मेंढरं मातकट, माणसांचे कपडे धुऊन धुऊन मातकट. त्यामुळं रंग कुठं निघाला की लांबून दिसतो.

भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या फोटोत माझा धाकटा भाऊ, त्याचा मित्र आणि दोघांचे दोन एडके, म्हणजे टकरीला पोसलेले मेंढे आहेत.

भाऊ दहावीपर्यंत शिकला आणि मग वडलांमागं मेंढरं राखायला लागला. त्याच्या कळपात एक कोकरू होतं. त्याची आई लांडग्यानं दिवसाढवळ्या माळावरून ओढून नेली, तेव्हा ते जेमतेम उभं राहायला लागलं होतं. भावानं ते बाटलीनं दूध पाजून जगवलं. पुढं त्याला हरभरा, मका, दुधात फोडलेलं अंडं चालू झालं. वर्षा-दीड वर्षात त्याचा एडका झाला. छातीला रुंद, शिंगं कानामागून गोल फिरून डोळ्यापर्यंत आलेली. भाऊ त्याच्याशी माणसासारखा बोलायचा. भावजयीला ते आवडायचं नाही.

"माझ्या लेकीला एवढं दूध न्हाई भेटलं," ती म्हणायची.

"लेकीला टकरी खेळायच्या हायत का?" भाऊ हसायचा.

भावजय आष्टीकडची. तिचे आई-बाप ऊसतोड मजूर, आणि लग्न होईपर्यंत तीही कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जायची. अंगानं बारीक, बोलायला कमी. माहेरून तिनं दोनच वस्तू आणल्या होत्या असं ती सांगते, पितळेचा तांब्या आणि स्वतःचा कोयता.

मित्र म्हणजे मालकाचा पुतण्या. गावातलं मोठं घर त्यांचं. नदीकडची जमीन त्यांची, पंचायतीत माणसं त्यांची. घरातल्या कर्त्याला सगळं गाव मालक म्हणतं. त्याच्या थोरल्या भावाचा हा मुलगा, बाप लवकर गेलेला, चुलत्याच्या हाताखाली वाढला. शाळेत माझ्या भावाशेजारी बसायचा. आमच्या घरी येऊन चुलीपुढं बसून भाकरी खायचा, मला अक्का म्हणायचा. भावाचा एडका मोठा होताना पाहून त्यानंही हट्टानं एक एडका आणवला. लांबून आणलेला, पांढराशुभ्र, आमच्यापेक्षा उंच. दोघं मित्र एकमेकांना रोज चिडवायचे. कुणाचा एडका कुणाला पाडणार हा त्यांचा खेळ होता.

बिरोबाच्या जत्रेत टकरी असतात. बंदी आहे म्हणतात, पण जत्रेच्या दिवशी बंदीचं कोण विचारतंय? बायका देवळापाशी थांबतात, टकरीच्या मैदानाकडं फिरकत नाहीत. मी मात्र मोबाईल घेऊन गेले आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसले. टकरीच्या आधी दोघांना मीच हाक मारली, "इकडं बघा रे." भावाच्या एडक्याची पाठ गुलाबी रंगवलेली, शिंगं हिरवी, गळ्यात लोकरीचे लाल गोंडे. पुतण्याच्या एडक्यावर भगवी झूल आणि कपाळाला भंडारा. दोघं उकिडवे बसले आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकले.

"अक्का, नीट काढ," पुतण्या म्हणाला. "उद्या ह्यो रडंल तवा दाखवायला लागंल."

"कोण रडतंय ते बघू की बे," भाऊ म्हणाला. त्या बोलण्यावर दोघं हसले, तेव्हा मी बटण दाबलं. फोटोत दोघांचेही दात दिसतात.

टक्कर ज्यांनी पाहिली नाही त्यांना वाटतं की दोन जनावरं ढुशा देत असतील. तसं नसतं. एडके एकमेकांकडं बघत मागं सरकतात, खूप मागं सरकतात, आणि मग दोन्हीकडून पळत येऊन डोक्यावर डोकं आपटतात. ओल्या बुंध्यावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज होतो. तो पायाखालच्या ट्रॉलीच्या पत्र्यातून मला लागत होता. दर टकरीला माणसं ओरडायची. बऱ्याच टकरी झाल्यावर पांढऱ्या एडक्याचं एक शिंग मुळापाशी चिरलं. रक्त डोळ्यावर आलं, तिथून नाकावर, आणि तो मान झटकायला लागला तसे पुढच्या माणसांच्या सदऱ्यांवर शिंतोडे उडाले. पुतण्या दावं घेऊन पुढं झाला. त्याला एडका माघारी घ्यायचा होता. तसा नियम आहे, एडक्याच्या धन्यानं दावं टाकलं की हार, पण जनावर वाचतं.

समोर खुर्चीवर मालक बसलेला होता. तो बसल्या जागेवरून ओरडला, "सोड त्येला! माघारी घ्यायचा न्हाई!"

"काका, शिंग गेलंय त्येचं."

"सोड म्हणलं ना!"

पुतण्यानं दावं खाली केलं. भावानं त्याच्याकडं बघून हातानंच विचारलं, घेऊ का मी माझा मागं? पण एडके आधीच मागं सरकत निघाले होते. पुढच्या टकरीला पांढरा एडका गुडघ्यावर आला. मान एका बाजूला वळली ती वळलेलीच राहिली. पाय मात्र बराच वेळ चालत होते, आडवं पडून पळत असल्यासारखे. चिरलेलं शिंग कातडीला लोंबत होतं. मग पाय थांबले.

माईकवरचा माणूस म्हणाला, "मालकाचा एडका झोपला! आता मटणाला कोण कोण येतंय?" सगळं मैदान हसलं. गुलालाची पोती फुटली. आमच्या वस्तीवरच्या पोरांनी भावाला खांद्यावर घेतलं. मी फोटो काढत सुटले, हवा गुलाबी झाली होती आणि उन्हात तिचा धूर दिसत होता. त्याच गडबडीत मालक खुर्चीवरून उठला, पुतण्याजवळ गेला आणि सगळ्या जत्रेसमोर त्यानं त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. एक नाही, दोन्ही गालांवर. तीसएक वर्षांचा बाप्या माणूस तो, हातात रिकामं दावं धरून उभा होता.

मी ते तेव्हा पाहिलंच नाही. घरी येऊन फोटो मोठा करून बघताना दिसलं. मधोमध भाऊ खांद्यावर, तोंड उघडं, दात सोडले तर सगळा गुलाबी. उजव्या कोपऱ्यात पुतण्या, एक हात गालावर.

तोपर्यंत भावानं माझ्याकडून घेतलेला हाच फोटो स्टेटसला ठेवला होता आणि वस्तीवरच्या पोरांनी तो उचलून त्याच्यावर वाटेल ते लिहून गावभर फिरवला होता. मी भावाला म्हणाले, "काढ तो फोटो. ह्या कोपऱ्यात बघ कोण हाय."

त्यानं बघितलं. त्याचं हसू गेलं. "मारलं व्हय त्येला? समद्यांसमोर?"

"सगळे बघत होते. आपणच नाचत होतो."

त्यानं फोटो काढून टाकला आणि मित्राला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुढं जे झालं ते फोटोमुळं झालं असं गावात म्हणतात. मी ते मानत नाही. थोबाडीत मालकानं मारली होती, माझ्या मोबाईलनं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी भाकरी घेऊन माळावर गेले. ऊन रणरणत होतं. भाऊ आणि भावजय बाभळीखाली वाघूर बांधत होते. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. एडका झाडाला बांधलेला, पाठीवर अजून कालचा गुलाबी रंग. मी भाकरीचं फडकं सोडत होते तेवढ्यात मोटारसायकलींचा आवाज आला. पुढच्या गाडीवर पुतण्या होता. मागं त्याचे चुलत भाऊ, म्हणजे मालकाची मुलं, आणि त्यांच्या गोतावळ्यातला एकजण. हातात लोखंडी गज आणि एक कुऱ्हाड.

भाऊ पुढं गेला. "तुला फोन लावीत होतो बे काल. कावून उचलीत न्हाईस?"

पुतण्या त्याच्याकडं बघत नव्हता. "बाजूला व्हय. तुझ्याशी काय न्हाई. एडका पायजे."

"एडका कावून?"

"बाजूला व्हय म्हणलं ना!"

एका चुलत भावानं बोलणं लांबू दिलं नाही. तो सरळ झाडाकडं गेला आणि कुऱ्हाड उगारून एडक्याच्या मानेवर घातली. एडका ओरडत नाही, मेंढरं कापतानाही ओरडत नाहीत. तो फक्त दाव्याला हिसका देऊन मागं सरकला, टकरीला सरकतो तसा. दुसरा घाव पाठीवर बसला. भाऊ मधे पडला. त्यानं कुऱ्हाडीचा दांडा धरला, तसा मागून गज त्याच्या डोक्यावर, कानाच्या वर बसला. तो खाली बसला. मग त्यांनी एडक्याचा नाद सोडला आणि भावालाच मारायला घेतलं. मांडीवर, पाठीवर, गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि तो मी विसरायचा प्रयत्न करणं आता सोडलं आहे. मेंढरं वाघुरीतून चौफेर पळाली, धूळ उठली, आमचं राखणीचं कुत्रं एकाच्या पोटरीला लागलं तर त्यानं गजानं कुत्र्याची कंबर मोडली.

मी दगड उचलून एकाच्या तोंडावर मारला. तो लागला, त्याचा ओठ फाटला. त्यानं वळून माझ्या हातावर गज मारला आणि मनगट लुळं पडलं. दुखलं नाही, नुसतं गरम झालं. डाव्या हातानं मी दुसरा दगड शोधत होते. त्या वेळी मला कुणाला तरी मारायचं होतं. मरायची भीती वाटली नाही, मारायला दगड सापडत नाही याचा राग येत होता.

भावजय मला दिसली ती कोयता घेऊन आलेली. ती ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पुतण्या भावाच्या अंगावर वाकलेला होता. मारत होता की इतरांना आवरत होता, ते मला आजही सांगता येत नाही. त्याचा उजवा हात वर होता. भावजयीनं ऊस तोडायला खालून वर घालतात तसा कोयता घातला. मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हात उघडला. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर आली, तिनं डोळे मिटले नाहीत.

"आता ये कोण येतंय!" एवढंच ती बोलली.

ते बघून बाकीचे गाड्यांवर बसून पळाले. पुतण्याला तिथंच टाकून पळाले. तो बाभळीखाली हात धरून बसला आणि "अक्का, अक्का" करायला लागला. एडका त्याच्यापासून हातभर लांब, अजून श्वास घेत होता. भाऊ उताणा, डोळे उघडे, कानातून रक्त.

भावजयीनं कोयता टाकला. आधी नवऱ्याच्या तोंडाजवळ कान नेला. मग तिनं वाघुरीची दोरी तोडली आणि पुतण्याच्या दंडाला करकचून बांधली. मी म्हणाले, "अगं, त्याला कावून बांधतीस? मरू दे त्याला!"

"उसात कोयता लागला की असंच बांधत्यात, वन्सं," ती म्हणाली. "मरू द्यायचा असता तर मान काय लांब व्हती?"

रस्त्यावर दूध नेणारा पिकअप मी ओरडून थांबवला. ड्रायव्हर आधी नको म्हणाला, रक्त बघून. मग कॅन बाजूला सारून दोघांना त्यानं मागं घेतलं. भाऊ आणि त्याचा मित्र शेजारी शेजारी आडवे. मधे भावजय, एकाचं डोकं मांडीवर, दुसऱ्याच्या दंडावरची दोरी मुठीत. मी कॅनला धरून बसले. खड्ड्यांत गाडी उडाली की दोघंही कण्हायचे.

पाटोद्याच्या अलीकडं भाऊ शुद्धीवर आला. मान वळवून त्यानं बघितलं. "मला कावून मारलंस बे?"

पुतण्या रडत होता. "काका म्हणला, एडका मारल्याबिगर घरात पाय ठिवू नकू. निस्ता एडकाच मारायला आलतो. आईची आण."

"मला इचारायचं व्हतंस," भाऊ म्हणाला. "मीच दिला असता."

त्यानं खरंच दिला असता का, मला माहीत नाही. मी नंतर विचारलं नाही.

पाटोद्याला पट्ट्या बांधून दोघांना बीडला पाठवलं. भावाची मांडी आणि गुडघा मोडला होता, एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं. पुतण्याचा हात वाचला, पण बोटांकडं जाणाऱ्या शिरा तुटल्या होत्या. माझ्या मनगटाला प्लास्टर. आम्ही तक्रार दिली, तशी त्यांच्याकडूनही आली: बाईनं जिवे मारायचा प्रयत्न केला. भावजयीला पोलीस दवाखान्यातूनच घेऊन गेले. तिच्या साडीवर अजून दोघांचंही रक्त होतं. जाताना ती मला म्हणाली, "लेकीची वेणी घालत जा. तिला स्वतःला येत न्हाई अजून."

काही आठवडे ती आत होती. प्लास्टरमुळं उजवा हात बंद होता, म्हणून मी डाव्या हातानं मोबाईल धरायला शिकले. जामिनावर सुटली त्या दिवशीचा फोटो डाव्या हातानं काढलेला, म्हणून जरा तिरका आहे. मी तिच्यासाठी पोपटी साडी नेली होती, तीच नेसून ती बाहेर आली. मागं निळी पोलीस गाडी, शेजारी एका बाईच्या पाटीत लालभडक टोमॅटो. पाहुण्यांना हा फोटो सगळ्यात आवडतो. म्हणतात, "लग्नाला निघाली होती का?"

ती घरी आली त्या आठवड्यात मालक स्वतः आला. चार प्रतिष्ठित माणसं बरोबर होती. ओट्यावर बसून गोड बोलला. "पोरांची भांडणं हायत. तुमी तुमची तक्रार मागं घ्या, आमी आमची घेतो. जनावरापायी माणसं कशाला तोडायची?"

भाऊ खाटेवरून होकाराची मान हलवायला लागला होता. भावजय दारात उभी होती, मोठ्या माणसांपुढं डोक्यावर पदर घेऊन. पदर तसाच ठेवून ती म्हणाली, "मी न्हाई घेणार."

मालक हसला. "तुला जेल होईल की गं पोरी."

"होऊ द्या. मी मारलं त्ये सांगीन. कावून मारलं त्ये बी सांगीन. तुमाला सांगता यील का, तुमी पोरं कावून धाडली?"

मालक उठला. जाताना त्यानं आमच्या दारातली पाण्याची घागर लाथेनं उडवली. ती पितळेची नव्हती, मातीची होती, फुटली.

त्यानंतर जे झालं ते कुणालाच वाटलं नव्हतं. पुतण्यानं कोर्टात सगळं सांगितलं. चुलत्यानं पाठवलं, चुलत भावानं कुऱ्हाड घातली, आपला हात ज्या बाईनं तोडला तिनंच तो बांधला. ज्या दिवशी तो बोलला त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर, चहाच्या गाड्याजवळ, त्याच्याच चुलत भावांनी त्याला धरून इतकं मारलं की तोंड ओळखू येईना. लोकांनी सोडवला. घरात पाय ठेवायची सोय उरली नाही, तेव्हा तो पाटोद्यात खोली घेऊन राहिला आणि एका खताच्या दुकानात कामाला लागला. भावजय निर्दोष सुटली. चुलत भावांना शिक्षा झाली, त्यांनी वर अपील केलं आहे आणि ते सध्या गावातच फिरतात. मालकाला काही झालं नाही.

इथं थांबलं असतं तर मी ही गोष्ट पाहुण्यांना मान ताठ ठेवून सांगितली असती. पण मार खाल्लेला माणूस घरी आला की मारही त्याच्याबरोबर आत येतो. भाऊ लंगडत होता, ऐकू कमी यायचं, मेंढरं आता भावजय राखायची. त्याला वाटायचं की लोक त्याच्या पाठीमागं बोलतात. एकदा भाकरी करपली म्हणून त्यानं ताट भिंतीवर फेकलं. मग एकदा कुत्र्याला, त्याच कंबर मोडक्या कुत्र्याला, ते मधे आलं म्हणून त्यानं काठीनं इतकं मारलं की ते दोन दिवसांत मेलं. त्यानंतर एका दुपारी मी अंगणवाडीतून आले तर आतून पट्ट्याचे आवाज येत होते. मी धावले. भावजय कोपऱ्यात नव्हती, मधोमध उभी होती. तिच्या गळ्यावर वळ उठला होता. भावानं पुन्हा हात वर नेला तेव्हा तिनं पट्टा हवेतच धरला.

"एकदा मारलं, मी सोसलं," ती म्हणाली. "आता सोडा. न्हाईतर तुमचा बी हात त्येच्यासारखाच करीन. मला येतंय, तुमाला ठावं हाय."

भाऊ पट्टा सोडून खाली बसला आणि डोकं भिंतीवर आपटायला लागला. मी त्याला धरला नाही. भावजयीनंही नाही. ती लेकीला घेऊन आष्टीला गेली आणि दिवाळी होऊन गेली तरी आली नाही. भाऊ तिला आणायला एसटीनं गेला तेव्हा तिनं त्याच्याकडून सगळ्या भावकीसमोर वदवून घेतलं, काठी-पट्ट्याला हात लावणार नाही म्हणून. त्यानं आजवर तो शब्द पाळला आहे. घरात पाळला आहे, एवढंच म्हणते.

कारण मागच्या वर्षी आम्ही तिघं शेळ्या विकायला पाटोद्याच्या बाजारात गेलो होतो. मी बांगड्यांच्या दुकानापुढं फोटो काढत होते. लाल, मोरपंखी, जांभळ्या बांगड्यांच्या राशी, त्यांवर ऊन. तोही भिंतीवर आहे. वळून बघते तर भावासमोर पुतण्या उभा. बारीक झालेला, उजवा हात खिशात.

भाऊ त्याच्याकडं बघत राहिला. मग हातातली काठी उचलून त्यानं त्याच्या खांद्यावर हाणली. जोरात. पुतण्या हलला नाही. बाजारातली माणसं थांबली. भावानं पुन्हा हाणली, त्याच जागी. पुतण्याचा गुडघा वाकला, पण त्यानं हात वर केला नाही.

"अजून मार," तो म्हणाला.

भावाचा हात तिसऱ्यांदा वर गेला आणि तसाच राहिला. मग त्यानं काठी खाली टेकली. धाप लागली होती. "हात कसा हाय?" त्यानं विचारलं.

पुतण्या काहीतरी म्हणाला.

"मोठ्यानं बोल बे. ह्या कानानं ऐकू येत न्हाई मला."

"मूठ वळत न्हाई!" पुतण्या ओरडून म्हणाला. सगळ्या बाजारानं ऐकलं.

भाऊ तिथंच एका पोत्यावर बसला. पुतण्या त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसला. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, फार बोलले असं वाटलंही नाही. भावजय शेळ्यांची दावी धरून लांब उभी होती. तिनं एकदाही तिकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "वन्सं, त्येंना म्हणावं चला. गिऱ्हाईक आलंय."

परतताना जीपमध्ये ती भावाच्या ऐकू येणाऱ्या बाजूला बसली होती. "त्यो घरी आला तर मी त्येला वाढणार न्हाई," ती म्हणाली.

"नको वाढू."

"पाणी बी देणार न्हाई."

"नको देऊ," भाऊ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तो अजून आलेला नाही. भाऊ मात्र बाजारच्या दिवशी विकायला काही नसलं तरी पाटोद्याला जातो.